डोक्याला मार लागल्यानंतरचे स्कॅन आणि पुढची वर्षं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारी किंवा जखमी माणसांना रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणं हे माझं काम. अपघातात मेंदूला इजा झालेली माणसं आयसीयूतून बाहेर पडली की आमच्याकडे येतात आणि मग महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं येत राहतात. पहिल्या भेटीत घरची मंडळी पिशवीतून फिल्म काढतात, उजेडाकडे धरतात आणि दोन प्रश्न विचारतात: "यात काय दिसतंय?" आणि "हे पहिल्यासारखे होतील ना?" पहिल्याचं उत्तर बऱ्याच अंशी फिल्ममध्ये असतं. दुसऱ्याचं तिथे फार थोडं असतं, आणि ते थोडं म्हणजे किती हे न कळल्यामुळे अनेक घरांची फरफट होताना मी पाहिली आहे. म्हणून ही प्रश्नोत्तरं. औषधं आणि ऑपरेशन यांचे निर्णय अर्थातच तुमच्या पेशंटला तपासणाऱ्या डॉक्टरांचे.

प्रश्न: अपघातानंतर लगेच सीटी स्कॅनच का काढतात? एमआरआय जास्त चांगला ना?

पहिल्या तासांत डॉक्टरांना एकच गोष्ट हवी असते: कवटीच्या आत रक्त साठतंय का आणि तातडीने ऑपरेशन लागणार का. त्यासाठी सीटीसारखं साधन नाही. काही सेकंदांत फोटो मिळतात, व्हेंटिलेटरवरचा पेशंटही चालतो, तडकलेलं हाड स्पष्ट दिसतं आणि ताजं रक्त पांढरं उठून दिसतं. सीटीत प्रत्येक ठिपक्याला घनतेचा आकडा असतो. पाणी शून्य धरलं तर मेंदू साधारण ३० ते ४०, गोठलेलं ताजं रक्त ६० ते ८० आणि हाड कितीतरी पुढे. या आकड्यांना गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचं नाव आहे. त्यांच्या यंत्रावर पहिल्या पेशंटचा मेंदू १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पाहिला गेला. त्याआधी डोक्याच्या साध्या एक्स-रेत फक्त कवटी दिसायची. आतल्या रक्ताचा अंदाज डॉक्टरांना बऱ्याचदा लक्षणांवरून बांधावा लागे.

एमआरआयला बराच वेळ लागतो, पेशंटने अजिबात हलायचं नसतं आणि अंगात किंवा अंगावर धातू असेल तर आधी चौकशी करावी लागते. त्यामुळे तो सहसा नंतर, पेशंट स्थिरावल्यावर काढतात.

प्रश्न: रिपोर्टमध्ये एक्स्ट्राड्युरल, सबड्युरल, कन्ट्यूजन असं लिहिलंय. म्हणजे काय?

मेंदूवर तीन आवरणं असतात. रक्त कुठल्या थरात साठलंय त्यावरून नाव ठरतं, आणि पुढचा बराचसा प्रवासही.

एक्स्ट्राड्युरल म्हणजे कवटी आणि सर्वांत बाहेरचं आवरण यांच्यामधलं रक्त. कानाच्या वरच्या बाजूला हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. हाड तडकलं की ती फाटू शकते. सीटीत हे रक्त भिंगासारखं, दोन्हीकडून फुगलेलं दिसतं. यातला धोका असा की माणूस मधला काही काळ व्यवस्थित बोलतो, "मला काही झालं नाही" म्हणतो आणि मग झपाट्याने गुंगीत जातो. वेळेवर ऑपरेशन झालं तर खालचा मेंदू बऱ्याचदा शाबूत निघतो. अशा पेशंटची सुधारणा बघून आम्हालाही नवल वाटतं.

सबड्युरल रक्त त्या आवरणाच्या आत, मेंदूच्या पृष्ठभागावर चंद्रकोरीसारखं पसरतं. इथे बहुतेकदा शिरा फाटलेल्या असतात आणि खालच्या मेंदूलाही मार बसलेला असतो, म्हणून वाट लांबची असते. वयस्कर माणसांमध्ये याचा एक संथ प्रकार आढळतो. किरकोळ पडल्यावर तीन-चार आठवड्यांनी चाल अडखळते, बोलणं गोंधळतं, झोप वाढते. घरच्यांना वाटतं, वयच झालं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा धोका आणखी वाढतो. हे रक्त काढलं की माणूस पुष्कळदा पूर्वपदावर येतो, म्हणून अशी शंका आली तर वाट पाहू नका.

कन्ट्यूजन म्हणजे मेंदूचा मुका मार. तो बहुधा कपाळामागे आणि कानाजवळच्या भागात, खालच्या अंगाला असतो, कारण तिथे कवटीचा तळ खडबडीत आहे. मार मागून बसला तरी जखम पुढे सापडते, ती त्यामुळेच. पहिल्या एक-दोन दिवसांत ही जखम वाढू शकते. दुसऱ्या दिवशी पुन्हा सीटी काढायला सांगितला तर लगेच घाबरू नका.

'मिडलाइन शिफ्ट' म्हणजे दोन अर्धगोलांमधली मधली रेघ एका बाजूला ढकलली गेली आहे. ५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकणं सर्जन गंभीर मानतात.

प्रश्न: सीटी नॉर्मल आहे, तरी पेशंट शुद्धीवर येत नाही. हे कसं शक्य आहे?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचे चेहरे माझ्या लक्षात राहतात. "सगळं नॉर्मल आहे" हे ऐकून त्यांना हायसं वाटलेलं असतं आणि दिवसामागून दिवस जातात तरी डोळे उघडत नाहीत.

जोरात धडक बसली, गाडी उलटली, की डोकं नुसतं आपटत नाही, ते गर्रकन फिरतंही. मेंदू मऊ असतो आणि त्यातल्या करड्या व पांढऱ्या थरांची घनता वेगळी असते. झटक्यात ते सारख्या वेगाने फिरत नाहीत आणि मधले लांब तंतू ताणले जातात. हे तंतू म्हणजे एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेणाऱ्या तारा. त्यातल्या बहुतेक त्याच क्षणी तुटत नाहीत. ताणामुळे आतली वाहतूक बंद पडते, काही तासांत त्या जागी सूज येते आणि मग तंतू तुटतो. याला 'डिफ्यूज ॲक्सोनल इंज्युरी' म्हणतात. सीटीला इतकं बारीक दिसत नाही.

एमआरआयमध्ये रक्तातलं लोह टिपणारी एक खास पद्धत असते, तिला एसडब्ल्यूआय म्हणतात. त्या फिल्मवर दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या पुलात किंवा मेंदूच्या देठात मोहरीएवढे काळे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे तंतूंबरोबर फाटलेल्या एखाद्या सूक्ष्म रक्तवाहिनीची खूण. लोह तिथेच राहत असल्याने हे ठिपके वर्षांनंतरही दिसतात. त्यामुळे दोन वर्षांनी काढलेल्या एमआरआयमध्ये 'रक्तस्रावाच्या खुणा' असं लिहून आलं तर नवीन रक्तस्राव झालाय असं धरू नका. आधी तारीख आणि जुना रिपोर्ट बघायला सांगा.

सौम्य इजेतही असं घडतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सुरुवातीचा सीटी नॉर्मल असलेल्या सौम्य इजेच्या पेशंटपैकी २७ टक्के लोकांच्या एमआरआयमध्ये इजा सापडली. आणि एमआरआयही नॉर्मल आला म्हणून डोकेदुखी, विसरभोळेपणा, उजेडाचा त्रास खोटा ठरत नाही. "रिपोर्टमध्ये काही नाही, मनाचे खेळ आहेत" हे वाक्य पेशंटला ऐकवू नका. त्याने झालेलं नुकसान भरून काढायला मला महिने लागले आहेत.

प्रश्न: डीटीआय, पेट, स्पेक्ट असे आणखी स्कॅन करून घ्यावेत का?

डीटीआयमध्ये तंतूंच्या दिशेने पाणी कसं सरकतं ते मोजून मेंदूतल्या वाटांचे रंगीत नकाशे काढतात. शंभर पेशंटची शंभर निरोगी लोकांशी तुलना करायला ही पद्धत उत्तम आहे. एकट्या माणसाच्या नकाशावरून "याच्या स्मरणशक्तीचं असं होईल" हे अजून सांगता येत नाही. पेट आणि स्पेक्ट, म्हणजे मेंदूचं काम आणि रक्तपुरवठा दाखवणारे स्कॅन, यांचंही तसंच. डॉक्टरांनी ठरावीक कारणाने सांगितलं असेल तर जरूर करा. केवळ मनाच्या समाधानासाठी करायचं असेल तर ते बळ थेरपीला लावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: वारंवार सीटी काढल्याने रेडिएशनचा धोका होतो का?

डोक्याच्या एका सीटीत साधारण २ मिलिसीव्हर्ट रेडिएशन मिळतं. निसर्गातून वर्षभरात आपल्याला मिळतं, जवळपास तितकंच. गरज असताना काढलेल्या सीटीचा फायदा या धोक्याहून कितीतरी मोठा असतो. लहान मुलांच्या बाबतीत मात्र डॉक्टर जास्त विचार करतात आणि करायलाही हवा. एमआरआयमध्ये हे रेडिएशन नसतं.

प्रश्न: कोमातून कधी बाहेर येतील? आणि आलेत हे कसं ओळखायचं?

डॉक्टर 'जीसीएस' (ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे शुद्ध किती आहे याचं मोजमाप) म्हणून जो आकडा सांगतात तो ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ साली मांडलेला आहे. डोळे उघडण्याचे जास्तीत जास्त ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६, असे एकूण १५ आणि कमीत कमी ३. १३ ते १५ सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा कमी म्हणजे तीव्र इजा. फक्त एकूण आकडा लिहून घेऊ नका. तीन वेगवेगळे आकडे विचारा, त्यात हालचालीचा विशेषकरून.

शुद्ध येणं हे दिवा लागल्यासारखं होत नाही. आधी डोळे उघडतात पण नजर कुठेच थांबत नाही. मग एखादे दिवशी ती माणसामागे फिरते. मग "हात दाब" म्हटल्यावर बोटं हलतात, दहादा सांगितल्यावर एकदा. त्यानंतर बहुधा गोंधळाचा काळ येतो: नळ्या ओढणं, शिव्या देणं, बायकोला न ओळखणं. एका काकूंनी नवऱ्याचा मार चुकवत मला विचारलं होतं, "हे माझ्यावर इतके का चिडलेत?" ते चिडलेले नव्हते. त्यांचा मेंदू जागा होत होता आणि त्याला आजचा दिवस लक्षात ठेवता येत नव्हता. या काळात खोलीत उजेड आणि आवाज कमी ठेवा, एका वेळी एकच माणूस बोलू द्या, आणि चूक काढून वाद घालू नका.

बेशुद्ध दिसणाऱ्या माणसासमोर बोलताना जपा, ही माझी कळकळीची विनंती. २००६ साली एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी अपघातानंतर कसलाच प्रतिसाद न देणाऱ्या एका २३ वर्षांच्या तरुणीला फंक्शनल एमआरआयमध्ये (मेंदूचा कोणता भाग काम करतोय ते यात दिसतं) ठेवून "टेनिस खेळत आहेस अशी कल्पना कर" असं सांगितलं. निरोगी माणसाच्या मेंदूचा जो भाग अशा वेळी उजळतो तोच तिचाही उजळला. २०२४ साली अनेक केंद्रांच्या एकत्रित अभ्यासात, सांगितलेलं काहीच करून न दाखवणाऱ्या २४१ पेशंटपैकी ६० जणांमध्ये असा छुपा प्रतिसाद मिळाला, म्हणजे चौघांत एकाला. ही तपासणी सगळीकडे होत नाही. पण खाटेशेजारी उभं राहून "आता काही उपयोग नाही" असं बोलू नये, एवढं त्यातून आपण नक्की घेऊ शकतो.

प्रश्न: स्कॅन बघून किती बरे होतील ते सांगता येतं का?

थोडंफार. पेशंटचं वय, जीसीएसमधली हालचाल, डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाला आकसतात का आणि सीटीत काय दिसतं, हे सगळं एकत्र धरून डॉक्टर शक्यता काढतात. मेंदूच्या देठात दोन्ही बाजूंना खोल जखम असणं हे वाईट लक्षण. पण ही शक्यता त्याच्यासारख्या शंभर जणांची असते, एकट्या पेशंटची नसते.

मला याहून उपयोगी वाटतो तो एक घरगुती आकडा: अपघातानंतर किती दिवसांनी पेशंटला आदल्या दिवशीच्या गोष्टी सलग आठवायला लागल्या? हा काळ जितका लांब, तितकी पुढची वाट अवघड. तो मोजायला यंत्र लागत नाही. "काल कोण भेटायला आलं होतं?" हे रोज सकाळी विचारायचं आणि उत्तर तारखेसह लिहून ठेवायचं.

प्रश्न: "जी सुधारणा व्हायची ती सहा महिन्यांतच, पुढे काही नाही." हे खरं आहे का?

नाही. पहिल्या सहा महिन्यांत वेग सर्वांत जास्त असतो एवढं खरं. २०२१ साली आलेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, दुसऱ्या आठवड्यात ज्यांना स्वतःची किंवा भोवतालची काहीच जाणीव नव्हती अशा ७९ पेशंटपैकी ६२ जण वर्षभरात शुद्धीवर आले. त्यातल्या कित्येकांच्या घरच्यांशी सुरुवातीच्या दिवसांत उपचार थांबवण्याबद्दल बोलणं झालं असतं, तर काय? हा विचार माझ्या मनातून जात नाही. २०१८ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा अवस्थेसाठीचा 'कायमची' हा शब्दही काढून टाकला आणि 'दीर्घकालीन' हा घेतला, तो उशिरा सुधारणारी माणसं दिसली म्हणूनच.

सुरुवातीची सुधारणा सूज उतरल्याने आणि बंद पडलेले पण शाबूत भाग पुन्हा चालू झाल्याने होते. नंतरची सुधारणा मेंदूने नव्या वाटा पाडल्याने होते आणि त्या वाटा सरावाशिवाय पडत नाहीत. वर्षभरानंतर ती इतकी बारीक पावलांनी येते की रोज बघणाऱ्याला दिसत नाही. माझ्या एका पेशंटच्या बायकोने वही ठेवली होती. पहिल्या पानांवर 'शर्टाचं एक बटण लावलं, ११ मिनिटं' अशा नोंदी. चौदाव्या महिन्यातली एक नोंद तिने मला वाचून दाखवली: 'आज पहिल्यांदा विचारलं, तू जेवलीस का?' त्या महिन्याच्या एमआरआयमध्ये तसूभर फरक नव्हता.

प्रश्न: वर्षभराने काढलेल्या एमआरआयमध्ये मेंदू आकसल्याचं लिहिलंय. आता प्रकृती बिघडत जाणार का?

मध्यम आणि तीव्र इजेनंतर मेलेले तंतू हळूहळू साफ होतात, पांढरा भाग पातळ होतो आणि मधल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या दिसतात. यावरून माणूस मागे जातोय असा अर्थ निघत नाही. मेंदू आकसत असताना बोलणं-चालणं सुधारलेले पेशंट आम्ही नेहमी बघतो.

मात्र पोकळ्या मोठ्या दिसण्याचं एक वेगळं कारणही असतं: पाण्याचा निचरा न होणं, म्हणजे हायड्रोसेफॅलस. सुधारत असलेला माणूस मध्येच थांबला, पाय जमिनीला चिकटल्यासारखे चालू लागला, लघवीवरचा ताबा सुटू लागला, सुस्त झाला, तर न्यूरोसर्जनना लगेच दाखवा. यावर उपाय आहे. ते पाणी नळी टाकून काढता येतं. "आता एवढंच" म्हणून ही लक्षणं घरी सोसू नका.

प्रश्न: चालतात, बोलतात, पण स्वभाव पार बदललाय. हे जाणूनबुजून करतात का?

नाही. कपाळामागचा भाग राग आवरतो, कामाचा क्रम लावतो, समोरच्याच्या मनातलं ओळखतो आणि "उठ, सुरुवात कर" असा रेटा देतो. मार नेमका तिथेच बसतो, हे वर आलंच आहे. काही जण चटकन भडकतात, काही जण तासन्‌तास नुसते बसून राहतात. त्या दुसऱ्या प्रकाराला लोक आळस म्हणतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. शिवाय स्वतःत झालेला बदल खुद्द पेशंटला दिसतच नाही असं पुष्कळदा होतं. ते खोटं बोलत नसतात.

१८४८ साली फिनिअस गेज नावाच्या रेल्वे कामगाराच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. तो जगला, पण ओळखीचे लोक म्हणू लागले की हा पूर्वीचा गेज राहिला नाही. २०१२ साली त्याच्या कवटीच्या सीटीवरून केलेल्या मांडणीत कॉर्टेक्सचं (मेंदूच्या बाहेरच्या करड्या थराचं) नुकसान सुमारे ४ टक्के आणि पांढऱ्या भागाचं सुमारे ११ टक्के निघालं. गोष्ट सहसा इथेच थांबवतात. पुढे याच गेजने चिलीमध्ये अनेक वर्षं घोडागाडी हाकली. रोज ठरलेल्या वेळी उठणं, घोडे जुंपणं, ठरलेला रस्ता. मला त्यात आमची थेरपी दिसते. दिवसाला पक्कं वेळापत्रक द्या, सूचना एका वेळी एकच द्या, कामांची यादी भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला लावा. थकवा आला की राग वाढतो, म्हणून विश्रांतीही यादीत लिहा.

आणि तुम्ही स्वतः थकला असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. समोर जिवंत असलेल्या माणसाच्या जुन्या स्वभावासाठी रडू येतं, याची लाज वाटू देऊ नका.

प्रश्न: सौम्य मार आहे. किती दिवस झोपून राहायचं?

पहिले २४ ते ४८ तास तब्येतीने घ्या, मग हळूहळू चालणं-फिरणं सुरू करा. आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचा सल्ला आता मागे पडला आहे. त्याने उलट त्रास लांबतो. लक्षणं असताना दुसरा मार बसेल असा खेळ मात्र टाळा. बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात, पण सगळे नाही. मोठ्या ट्रॉमा सेंटरमध्ये आलेल्या सौम्य इजेच्या पेशंटपैकी ५३ टक्के लोकांनी वर्षानंतरही रोजच्या जगण्यात काहीतरी अडचण सांगितली, असं २०१९ च्या अभ्यासात आहे. डोक्याला नव्हे तर हातापायांना मार लागलेल्यांमध्ये हेच प्रमाण ३८ टक्के होतं.

प्रश्न: फिट येण्याची भीती किती?

सौम्य इजेत ५ वर्षांत ०.७ टक्के, मध्यम इजेत १.२ आणि तीव्र इजेत १० टक्के, असं १९९८ च्या एका जुन्या, नावाजलेल्या पाहणीत दिसलं. तीव्र इजेत सुरुवातीला फिटचं औषध सहसा ७ दिवस देतात. ते लवकरच्या फिट टाळतं, पुढच्या टाळत नाही. नंतर फिट आलीच तर औषध नियमाने चालतं. एक दिवसही मनाने बंद करू नका.

प्रश्न: गाडी चालवता येईल का? कामावर कधी जावं?

गाडीचं "मी एकदम ठीक आहे" या पेशंटच्या शब्दावर ठरवू नका. नजर, लक्ष आणि प्रतिक्रियेचा वेग तपासून, फिटचा प्रश्न डॉक्टरांशी बोलून मगच. कामावर जाताना आधी अर्धा दिवस, सोपं काम, शांत जागा.

प्रश्न: फॉलो-अपला जाताना बरोबर काय न्यायचं?

पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या फिल्म आणि सीडी, तारखेनुसार लावून. नुसता रिपोर्ट पुरत नाही, कारण जुनी आणि नवी फिल्म शेजारी ठेवल्याशिवाय फरक कळत नाही. डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची यादी, कवटीत प्लेट किंवा नळी बसवली असेल तर तिचा कागद, कारण पुढच्या प्रत्येक एमआरआयच्या आधी तोच विचारतात. आणि वही. डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो, म्हणून आदल्या रात्री वहीतल्या तीन ओळींखाली रेघ मारून ठेवा: गेल्या वेळेपेक्षा काय जमू लागलं, काय मागे गेलं, आणि घरात सर्वांत जास्त त्रास कशाचा होतोय.